हिरव्या पाण्याची टाकी

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मुख्य कार्यालयानं प्रशिक्षणाला नेमकं आत्ताच बोलवावं! तपासणीचे साहेब गुरुवारी, १४ तारखेला येणार आणि मी इथे तीन आठवडे भाषणं ऐकणार. डोकं उठलंय. शुद्धीकरण केंद्रातली, दोन वर्षं जिवापाड जपलेली टाकी तुमच्या हवाली केली आहे. सांडपाण्यातला अमोनिया निम्म्यावर आला नाही, तर टाकी बुजवणार, असं लेखी आलंय.

ढवळायचं यंत्र बंदच आहे, दुरुस्तीचा अर्ज धूळ खातोय. म्हणून वल्ह्यानं ढवळा: आठ, बारा, चार वाजता. सोबत दोन पानं सूचना आहेत. तुमचे हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून बजावते, तेवढंच करा.

कंबर सांभाळा. माझ्या कटकटीसकट लोभ असू द्या.

तुमची,
चिमणी


ता. १५ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पानं तंतोतंत पाळली. एकच गोष्ट मनाची केली. साहेबांसमोर शेवाळलेलं पाणी म्हणजे माझ्या लेकीची शोभा! याच केंद्रात बत्तीस वर्षं पाणी निवळलंय मी. रविवारी संध्याकाळी तुरटी फिरवली, सकाळी खालचा कॉक उघडून हिरवा गाळ गटारात सोडला. टाकीचा तळ दिसायला लागला.

साहेबही वाकून बघत राहिले. मग नमुना तपासला आणि म्हणाले, अमोनिया आत जातो तेवढाच बाहेर येतोय, सोमवारी टाकी बुजवा. इतक्या स्वच्छ पाण्यात अमोनिया येईल कुठून? तुमचं मीटर बिघडलंय, असं मी तोंडावर सांगितलं. माणसं ऐकतच नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझे,
बाबा


ता. १८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय. मीटर ठीक होतं, बाबा. ते बारीक शेवाळच अमोनिया खातं. पाणी हिरवं असतं तेव्हाच काम चालू असतं. तुम्ही माझे कामगारच गटारात सोडलेत! आज टाकी बुजवली असेल. फार संताप झालाय.

सूचना पुन्हा वाचून काढल्या. वल्हं कुठे टेकवायचं, हेसुद्धा लिहिलं होतं मी. का ढवळायचं, ते मात्र कुठेच नाही. एका ओळीत मावलं असतं. बत्तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला ते कळणार नाही, असं मी धरूनच चालले.

शनिवारी येते. भांडणार आहे, घरी थांबा. राग जाईपर्यंत लोभ तुम्हीच सांभाळा.

तुमची,
चिमणी