बाबांच्या हातोडीची खूण

जटलंड, पश्चिम किनारा
सप्टेंबर १९९५

प्रिय इंगर,

बाबांचं दफन झालं त्या दिवशी तू म्हणालीस, "युद्धात आपला देश बळकावलेल्या जर्मनांचे बंकर त्यांनी बांधले." मी म्हणालो, "पुरावा आण, नाहीतर घरी येऊ नकोस." अकरा वर्षं तू आली नाहीस.

काल वाळूत कललेल्या चौथ्या बंकरात मी भिंत मोजत होतो. शेजारचा एयनर बाहेरून ओरडला, "काय प्रोफेसर, भिंतीचा मुका घेताय की काय?" मी सातवीत शाळा सोडली, हे त्याला ठाऊक आहे. काँक्रीटवर ते ओतायच्या साच्याच्या फळ्यांचे ठसे आहेत, आणि खिळ्याच्या प्रत्येक खुणेपाशी, हातोडीच्या घावाने फळीत खळगा पडला तिथे, एक गोल उंचवटा, एका बाजूने कड तुटलेला. बाबांच्या हातोडीची कड तशीच तुटलेली आहे. आज ती नेऊन लावून पाहिली. अठ्ठावीस मिलिमीटर, तंतोतंत.

माझ्या हातातली हातोडी पाहून एयनरने विचारलं, "जुळली का?"

मी म्हटलं, "नाही."

तुझं खरं होतं. माफी मागायलाच लिहायला बसलो. पण फळ्या इतक्या सरळ बसवल्या आहेत, की भिंत कुठे केसाइतकीही वाकलेली नाही. ते पाहून मला लाज वाटायच्या आधी अभिमान वाटला. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझा भाऊ,
थोरकिल्ड