सरकारमान्य गूळ

६ जानेवारी
ही वही माझी एकटीची हाय. तरी सरोजिनी, लेक माझी, लातूरहून आलीस की तू चोरून वाचणारच. चष्मा शोधू नको, कपाळावर हाय. मी सांगून राहिले, नात अपूर्वा लिहून राहिली. तिनं मनाचं काही घालायचं न्हाई.
डॉक्टरनं गूळ बंद केला. शुगर म्हणे. मला न्हाई वाटत.

७ जानेवारी
अपूर्वानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रद्दीवाल्या नासिरकडून जुनी सरकारी पुस्तकं आणली. आरोग्यखात्याच्या पुस्तकात छापलंय, "गूळ शक्तिवर्धक आहे. कष्टकऱ्यांनी तो नित्य खावा." वर सरकारचा शिक्का. पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. ती पुढं वाचायला लागली. म्हणलं, एवढं बास, पान उलटू नको.

९ जानेवारी
पोरगा अंबरीश म्हणला, आई, ते शेतात राबणाऱ्यांसाठी हाय. मग मी काय बसून असते? दिवसभर सुनेवर लक्ष कोण ठेवतं?
ढेप अर्धी झाली. मुंग्यांनी खाल्ली असेल.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळाचा एकच लाडू खाल्ला. अपूर्वा, हसू नको, लिही.
नवी चप्पल पायाच्या अंगठ्याला चावली. जखम हाय, पण दुखत न्हाई. गूळ लागू पडला.

१९ जानेवारी
जखम काळी पडली. हळद लावली. दुखत तर न्हाई. उद्या डॉक्टरकडं जाते. उद्या सोमवार, उपास. मंगळवारी बघू.

२२ जानेवारी
खोलीत वास येऊन राहिला. सुनेला म्हणलं, उंदीर मेला असेल. जीव घाबरा झालाय, अंबरीशला सांगायचं न्हाई. अपूर्वाला म्हणलं, ते गुळाचं वाच, धीर येतो. तिनं न विचारता पान उलटलं.
"मधुमेहाच्या रोग्यास पायाची जखम पुष्कळदा दुखत नाही. न दुखणे हेच भयाचे चिन्ह समजावे."
त्याच पुस्तकात. त्याच शिक्क्याखाली. म्हणलं, आधी का न्हाई वाचलंस गं?
"आजी, तूच म्हणलीस, पान उलटू नको." रडायला लागली पोर.

२७ जानेवारी, दवाखाना
कागदावर हाताचा अंगठा उठवून घेतला, पायाचा ठेवून घेतला. पाय वाचला म्हणतात. घोट्यापाशी ठणकून राहिलंय. डॉक्टर म्हणतो, दुखतंय ते चांगलं.
अपूर्वा, पुढचं लातूरला वाचून दाखव. सरोजिनी, कोणी येणारं असलं तर तीळ लावलेली कडक भाकरी पाठव, जवसाची चटणी पाठव. ढेप नको. मी फोन करून मागितली तरी नको.