शिरीषाचा तागा

ता. ६ जानेवारी

ती. स्व. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

दुकानामागचा शिरीष परवाच्या वाऱ्यात आडवा झाला. माणूस, मांजर, शिलाई मशीन, कुणालाच लागलं नाही. वखारवाला म्हणाला, जळण म्हणून उचलून नेतो. मला ते पटेना. तीस वर्षं ज्याच्या सावलीत काजं-बटणं केली, ते झाड दुसऱ्याच्या चुलीत घालायचं म्हणजे काय? त्याच्या फळ्या पाडून माझं कापड बेतायचं टेबल करायचं, असं मी ठरवलं आहे. सध्याचं टेबल इतकं डुगडुगतं की माझ्या हातची विजार एका पायात आखूड होते.

पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली आहे आणि तिला अडकवायची एक धातूची चौकट. खोड पडलंय तिथेच राहतं. आपण चौकट त्याच्यावरून सरकवत न्यायची, करवत खालून ठरल्या जाडीची फळी कापत येते. पहिल्या कापाच्या वेळी खोड वरून गोल असतं, म्हणून त्यावर शिडी ठोकून तिच्यावरून चौकट सरकवतात. शिडी शेजारच्या रंगाऱ्याने दिली आहे.

भाऊजी कसे आहेत? सुतार घरात असताना शिंप्याने करवत धरावी हे काही बरं नाही, पण त्यांना त्रास द्यायला मन होत नाही. लोभ असावाच, सोबत थोडा विश्वासही असावा.

तुझा,
धाकटा


ता. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ह्यांचं काय सांगू. खुर्ची आणि समोरची भिंत, एवढाच संसार उरलाय. ऑपरेशनला सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे, खुशाल रंधा मारा. हे म्हणतात, आता माझं काय राहिलंय. नवा चष्मा नको, कारण किती दिवस लागणार. टूथपेस्टसुद्धा लहान आणायची, मोठी संपायच्या आत म्हणे हेच संपतील. मी हसण्यावारी नेते, पण तुला म्हणून सांगते, मला फार भीती वाटते. दुखण्यातून वाचलेला माणूस असा बसून बसून हातचा जाईल.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता मी शिडीपाशी आले आणि ह्यांनी मान वळवली. रंगाऱ्याची शिडी मधे वाकलेली आहे का, असं विचारलं. सात महिन्यांत आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तरी उलटटपाली उत्तर दे. डोळ्यांना चष्मा आणि कानात बोळे घालून काम कर, आणि हाताची बोटं रोज संध्याकाळी मोजत जा.

तुझी,
ताई


ता. १७ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिडी वाकलेली होती. पहिला काप घसरगुंडीसारखा निघाला. भाऊजींना सांग की तो फेकून दिला आणि पुढचं सगळं नीट केलं.

पण एक भलताच प्रकार झाला आहे. खोडाचे दोन तुकडे केले होते. पहिल्याची वरची-खालची गोलाई काढून वीस इंच जाडी उरली. दोन इंची दहा फळ्या, हे तर शेंबडं पोरही सांगेल. कापून रचल्या तर आठ आणि वर एक किडमिडी चीप. तीनदा मोजल्या. दोन फळ्या गेल्या कुठे? मी कापड कापतो तेव्हा दोन्ही तुकडे पुन्हा जोडले तर पूर्वीएवढेच भरतात. माझ्या कात्रीने आजवर सुताएवढं कापड खाल्लेलं नाही. त्या दिवशी शिडी न्यायला रंगारी येऊन गेला होता. मी कुणावर आळ घेत नाही, फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे.

बोटं दहाच्या दहा आहेत. माया आहे ती आटू देऊ नये.

तुझा,
धाकटा


ता. २२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे हसले. नुसतं ओठ हलवून नव्हे, ठसका लागेपर्यंत हसले. मग उठून माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेवर मला काढून दाखवलं. करवतीची साखळी जाड असते, इंचाचे आठ सूत, त्यातलं तीन सूत लाकूड दर कापाला तिच्या पोटात जातं. तुझ्या दोन फळ्या भुसा होऊन तुझ्याच पायाखाली पडल्या आहेत. रंगाऱ्याची माफी माग, असा निरोप आहे. त्या दिवशी ह्यांनी एक पोळी जास्त खाल्ली आणि शिंपी काय काय करू शकतो यावर झोपेपर्यंत बोलत होते.

तुझी युक्ती माझ्या ध्यानात आली बरं का. ह्यांना बोलतं करायला तू मुद्दाम चुकतोस. लहानपणापासून तुला मठ्ठ समजत आले, ते मागे घेते. असाच चुकत राहा. आठवड्याला एक तरी चूक पाठव.

तुझी,
ताई


ता. २८ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने मी दुखावलो आहे. मी एकही चूक मुद्दाम केलेली नाही. प्रत्येकीमागे माझी प्रामाणिक मेहनत आहे.

रंगाऱ्याची माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने सरळ शिडी दिली. दुसऱ्या तुकड्याच्या आठच्या आठ फळ्या अशा निघाल्या की त्यांवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. करवत अडकू नये म्हणून कापात पाचरी मारतो, साखळीचे दात रोज कानशीने घासतो. आता तरी आनंद झाला ना? जीव लावत राहावे, मठ्ठ म्हणू नये.

तुझा,
धाकटा


ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आनंद कसला डोंबलाचा. तुझ्या फळ्या सरळ निघाल्या हे ऐकून हे नुसतं बरं म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मला राहवेना. पत्रात पुढे आहे असं भासवून मी मनानेच वाचलं की तू करवत उलटी धरून चालू केलीस. ह्यांनी शांतपणे सांगितलं की एवढा गाढव शिंपीसुद्धा नसतो आणि मला खोटं पत्र रचता येत नाही.

तेव्हा आता तुझ्यावर भिस्त. एरवी नको तिथे चुकतोस, बहिणीसाठी एकदा चुकता येत नाही?

तुझी,
ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस प्रयत्न केला. ठरवून चुकणं मला जमत नाही, हात आखडतो. आणि आता उशीरही झाला, काम संपलं.

सोळाही फळ्या ओल्या असतानाच पुसून दुकानामागच्या खोलीत नेल्या. मी कापडाचा माणूस, माल कसा ठेवायचा ते मला शिकवायला नको. ताग्यांसारख्या एकीवर एक घट्ट रचल्या, मधे केस जाईल एवढीही फट ठेवली नाही. वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोरीने आवळलं, म्हणजे वारा लागायला नको. सुरकुती पडू नये म्हणून माथ्यावर दोन जुनी मशीनं ठेवली आहेत. भाऊजींना सांग, काळजीचं काही उरलं नाही. पुढच्या महिन्यात टेबल. स्नेह आहे तसाच घडी न मोडता ठेवावा.

तुझा,
धाकटा


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाईत चार ओळी. पत्र वाचून संपायच्या आत हे खुर्चीतून उठले होते. ओलं लाकूड बांधून ठेवलं, ओलं लाकूड बांधून ठेवलं, असं म्हणत घरभर फिरले. माळ्यावरून स्वतः हत्यारांची पेटी काढली. उद्याच्या पहिल्या गाडीने निघतात. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, तुझी तयारी होईतो फळ्यांना बुरशी येईल. म्हणजे हे पत्र मागून येईल आणि हे पुढे. गोळ्या डाव्या खिशात आहेत, पेटी उचलू देऊ नकोस. मला धाकधूक वाटते आणि फार बरंही वाटतंय.

तुझी,
ताई


ता. १७ फेब्रुवारी

सौ. हीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गोळ्या घेतो. पेटी तुझ्या भावाने उचलली आणि स्वतःच्याच पायावर ठेवली.

प्लॅस्टिक सोडलं तर आतून वाफ आली. भल्या माणसाने लाकूड उकडायला ठेवलं होतं. तीन फळ्या गेल्या, तेरा वाचल्या. सगळ्या सुट्या करून दर दोन फळ्यांमधे बोटभर जाडीच्या पट्ट्या घातल्या, वारा खेळता ठेवला. तडे जाऊ नयेत म्हणून टोकांना रंग दिला. रंगारी मनाने चांगला माणूस आहे.

तुझा भाऊ पुढच्या महिन्यात टेबल मागत होता. त्याला सांगितलं, ओलं लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष घेतं. फळ्या दोन इंची, म्हणजे दोन वर्षं, आणि पुढे टेबल करायला दोन महिने. तो जरा घुटमळला आणि विचारता झाला, तोवर दुसरा कुणी सुतार बघून ठेवू का. मला संताप आला. मी म्हणालो, दुसऱ्याने या लाकडाला हात लावायचा नाही, हे टेबल मीच करणार. बोलून गेल्यावर मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. तुझा भाऊ खाली बघत उगाच भुसा गोळा करायला लागला.

पण शब्द दिला तो दिला. मी रविवारी परत येतो. आजवर लोभ केलास, तो आणखी दोन वर्षं दोन महिने तरी करावा लागेल, ही विनंती.

तुझाच