बाबांच्या गाडीतला गुपचूप पंप

झाशी, ३ जून १९८८

तीर्थरूप दिवाकरदादास, इंदूचा नमस्कार.

पुण्याच्या हवेत तुम्ही सगळे खुशाल असालच. इथे पारा पंचेचाळीसवर आहे. तेवढं सोडलं तर आम्हीही खुशाल. बाबांची गाडी विकून टाकावी, हा तुझा सल्ला पोचला. (हजार किलोमीटरवरून तुला गाडीचं दुखणं इतकं नेमकं कळतं, याचं आम्हाला कौतुकच वाटतं.)

दुखणं एवढंच, की उन्हात पेट्रोल इंजिनपर्यंत पोचण्याआधीच त्याची वाफ होते आणि गाडी बरोबर मानिक चौकाच्या मधोमध थांबते. मग बाबा उतरतात, बॉनेट उघडतात आणि ओला पंचा पिळून पेट्रोल ओढणाऱ्या जुन्या पंपावर ठेवतात. मागे टांगे, रिक्षा आणि फुकट सल्ला देणारे भैयाजी गोळा होतात. विजेचा पंप बसवा म्हटलं, तर बाबांचं उत्तर ठरलेलं: गाडी विलायतेहून जशी आली तशीच राहील. (सदतीस वर्षांत त्यांनी त्यातला राखेचा डबासुद्धा बदललेला नाही, आणि घरात सिगारेट कुणीच ओढत नाही.)

शेवटी बाबा गोविंदरावकाकांबरोबर बसने चिरगाँवला लग्नाला गेले, तेव्हा मी लक्ष्मी गेटच्या रामकृष्ण मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी विजेचा पंप मागे डिकीत, टाकीजवळ बसवला, आवाज होऊ नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या आणि जुना पंप दाखवायला जागच्या जागी ठेवला. "दीदी, बाबूजी खों पतो नईं परहै," बाबांना पत्ताच लागणार नाही, अशी खात्री देऊन ते गेले.

गाडी घोड्यासारखी पळू लागली. सगळं श्रेय पंच्याला मिळालं. बाबा आता तो निघण्याआधीच ठेवतात.

इथवर ठीक होतं. पण दोन वर्षं तू आला नाहीस तरी तुझं पार्सल मात्र वेळेवर आलं: कानाचं यंत्र. ते लावून बाबा गाडीत बसले आणि म्हणाले, मागे काहीतरी टकटक करतंय. मी म्हटलं, यंत्रातच दोष असेल. त्यांनी यंत्र काढलं, टकटक थांबली, त्यांना पटलं. तेव्हापासून यंत्र कपाटात आहे आणि बाबा कानपूर रोडवर ट्रकचा हॉर्न न ऐकता गाडी चालवतात. मी शेजारी बसते आणि हॉर्न वाजला की त्यांच्या खांद्याला हात लावते. माझी शाळा पंधरा दिवसांनी सुरू होईल. मग खांद्याला हात कोण लावणार, ते तूच सुचव. सुचवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
इंदू

ता. क. – पाकीट बंद करणार तोच बाबांनी कलिंगडं ठेवायला डिकी उघडली आणि पंप पाहिला. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तू लांब आहेस, तुझ्यावर ते किती चिडणार? तेवढं मान्य करून टाक, हीच या पत्रातली खरी विनंती.

ता. क. २ – वरची विनंती रद्द. बाबा चिडले नाहीत. त्यांनी कपाटातलं यंत्र काढून कानाला लावलं आणि म्हणाले, "दिवाकराला या गाडीची एवढी काळजी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं." गाडी आता तुझ्या नावावर करायची म्हणतात. तेव्हा पंप इंदूनेच बसवला, मला त्यातलं काही कळत नाही, असं त्यांना उलट टपालाने लिही. खरं तेच लिहायचं आहे, तेव्हा जड जाऊ नये.