कॉर्नफ्लेक्सचा मलिदा

आई, तुझ्या नातीचं लग्न झालं. मुलगा आपल्यासारखाच ज्यू, पण गोरा, इथलाच. त्याच्या घरात मराठी सोड, मिरचीसुद्धा चालत नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लंडनला, हॅरोच्या ह्याच घरात मलिदा केला. आपल्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं, ताटात फळं, सब्जाची डहाळी आणि मधोमध मलिदा ठेवायचा. हे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींशिवाय जगात कोणी करत नाही, असं तूच सांगायचीस. आणि ह्याच ताटावरून ठाण्याहून आलेल्या तुझ्या बहिणीने कपाळाला हात लावला.

आपण इथे आलो तो पहिला हिवाळा आठवतो? माझा ताप उतरेना म्हणून तू मलिद्याचा नवस बोलली होतीस. ताप उतरला, पण मलिद्याला पोहे मिळेनात. तेव्हा कुठलं गुजराती दुकान आणि कुठलं काय! तू स्वयंपाकघरात उभी आहेस, साडीवर बाबांचा स्वेटर, आणि कॉर्नफ्लेक्सचा खोका परातीत उलटा करते आहेस. वर पाकिटातलं सुकं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे. बाबा दारातून म्हणतात, "हा मलिदा आहे की साहेबाचा नाश्ता?" तू गर्रकन वळतेस. "हसा, हसा! आपले लोक कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवायला लागले. भाषा विसरले, पोथ्या विसरले, नेसणं-खाणं सगळं तिथलं घेतलं. पण शनिवारी घाणा जुंपला नाही. तेवढ्यावरच शनवार तेली म्हणून ओळखलं ना आपल्याला लोकांनी? मग कॉर्नफ्लेक्सलाच काय धाड भरलीय?" बाबांनी टोपी घातली आणि प्रार्थनेला बसले.

पुढे पोहे मिळायला लागले. तू हौसेने आणलेस, भिजवलेस, ताट मांडलंस, आणि मी भोकाड पसरलं. हा मलिदा नाहीच म्हणे! तू आधी डोळे वटारलेस, मग हसतच सुटलीस. "घ्या! कार्टी साहेबाची निघाली." तेव्हापासून तू जाईपर्यंत घरात खोकाच आला, आणि तू गेल्यावर मीही तोच आणत राहिले. आता तर हॅरोत पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरं एवढी भरली आहेत की पोहे काय, थालीपिठाची भाजणीसुद्धा मिळते. पण माझा हात अजून खोक्याकडेच जातो.

तर मावशी. खोका बघून म्हणाली, "अगं बया, हे काय? ते लोक आधीच विचारतात, तुम्ही ज्यू कधीपासून झालात म्हणून. त्यांच्यापुढे हे ठेवणार? आपली म्हणून एवढी एकच गोष्ट, तीही धड नको?" मला फार लागलं गं. साखरपुड्यात मुलाच्या आत्याने मला नेमकं हेच विचारलं होतं, हसून, चहा पिता पिता. आपली जुनी माणसं एकेक करून गेली, पोरांच्या कानावर मराठीचे चार शब्द पडतात न पडतात. हे ताटही चुकीचं निघालं, तर आपलं इथे राहणार काय? मी कोट घातला, कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडे पोहे आणले आणि भिजवले.

तेवढ्यात तुझी नात आत आली, हातावर मेंदी सुकत होती. "मम, हे काय आहे? आजीची मलिदा कुठे आहे?"

"आजीचा," मावशी म्हणाली. "आणि खरा मलिदा हाच, बाळा. तो खोका म्हणजे तेव्हाची अडचण होती."

"आय नो, मावशीआजी. ममने सगळी सांगितली आहे. पण मी आजीला कधी बघितलाच नाही. माझ्याकडे तिची दुसरा काय आहे?"

तिच्या बोलण्यात तो-ती-तेचा असा नेहमीच खिचडा होतो, आणि मावशी एरवी एक चूक सोडत नाही. ह्या खेपेला तिने काहीच दुरुस्त केलं नाही. पदर खोचला, नाक ओढलं आणि मला म्हणाली, "आण तो खोका. नारळ मात्र मी खोवणार, ओला. माझ्या बहिणीला इथे तो कुठला मिळायला!"

संध्याकाळी घर गच्च भरलं. एलियाहूचं गाणं झालं, ताट फिरलं. मुलाच्या आईने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि विचारलं, हा तुमचा पारंपरिक पदार्थ का? मी तोंड उघडायच्या आत मावशी तिच्या ठाण्याच्या इंग्रजीत म्हणाली, "व्हेरी ओल्ड. फ्रॉम हर ग्रँडमदर." चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही बाईच्या!

सगळे गेल्यावर भिजवलेले पोहे तसेच राहिले होते. टाकवेनात. उरलेलं ओलं खोबरं आणि साखर घातली आणि उभ्या उभ्या वाटीभर खाल्ले. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुला एकटीला सांगते. छान लागले गं. कॉर्नफ्लेक्सपेक्षा कितीतरी छान. पण तुझ्या नातीला हे मी जन्मात सांगणार नाही.