स्लॅबवरचं अनुदान आणि सत्यभामाची सही

मु. पो. हिंगणवाडी,
ता. शिरूर कासार, जि. बीड
दि. ४ एप्रिल

श्रीमान राधाकिशनराव यांना, अंबाजोगाई मुक्कामी, रामहरीचा साष्टांग नमस्कार.

(दाजीनं मेव्हण्याला साष्टांग घालायची आपल्याकडे पद्धत नाही. ती मोडायची वेळ माझ्यावर आली आहे, हे पहिल्याच ओळीत तुमच्या लक्षात यावं म्हणून घातला.) इकडे आई, दोन म्हशी आणि मी आहोत तसे आहोत. पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, निदान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तसं लिहिलेलं आहे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? कॉलेजच्या ऑफिसात जिना चढावा लागत असेल तर साहेबांकडून खालचं टेबल मागून घ्या. बावीस वर्षं दूध संस्थेचा सचिव राहिल्यानं मला अर्ज लिहायची हातोटी आहे, मसुदा पाठवीन. पण सध्या एका अर्जापायीच तुमची बहीण एकोणीस दिवसांपासून तुमच्याकडे येऊन बसली आहे, तेव्हा तुमच्या मसुद्याचं नंतर पाहू.

काम अगदी किरकोळ आहे. सत्यभामाची एक सही पाहिजे, ती सुद्धा लवकर, कारण मुदत तोंडावर आली आहे. फोनवर सांगितलं असतं, पण ती फोन उचलत नाही, आणि तुम्ही उचलता ते "दाजी, तुमचं तुमी बघून घ्या" एवढं म्हणून ठेवायला. तिनं तिची बाजू तुमच्या घरात तीन वेळा तरी सांगितली असणार. माझी बाजू मी पत्रानं सांगतो, कारण पत्र मध्येच ठेवून देता येत नाही (देता येतं, पण निदान मला कळत नाही).

योजना तुम्हाला ठाऊक असेल. घराच्या छतावर सौर पॅनल बसवायचे, आणि तीन किलोवॅटचे बसवले तर सरकार अठ्ठ्याहत्तर हजार रुपये खात्यावर टाकतं. शिरूरला शिबिर होतं, तिथं एक साहेब हे समजावून सांगत होते आणि मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतो. आपल्या तालुक्याला आजवर जे जे मंजूर झालं ते कुठं ना कुठं अडलं. तलावात पाणी तेवढं अडलं नाही. ऊन मात्र कोणाच्या शिफारशीशिवाय दारात येतं, पावसाळ्यात सुद्धा येतं, तीच तर आपली तक्रार आहे. त्या उन्हाचे पैसे मिळणार म्हटल्यावर इतक्या वर्षांच्या दुष्काळाची भरपाई एकदम हातात पडल्यासारखं वाटलं. अट एवढीच की अर्ज घरमालकाच्या नावानं पाहिजे. घरमालक कोण, तर तुमची बहीण. चार वर्षांपूर्वी चुलतभावाकडून ही जागा घेताना कळलं की बाईच्या नावावर घेतली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि मी एक टक्का वाचवायला शंभर टक्के घर तिच्या नावावर करून टाकलं. तेव्हा साक्षीदार म्हणून तुम्ही सही केली होती आणि सही करताना हसला होता. का हसला होता ते मला आत्ता समजलं.

आता माझं कुठं चुकलं ते सांगतो. आमच्या दूध संस्थेत सध्या दूध नाही (म्हशींनाच चारा नाही), पण सभा दर महिन्याला होते. होते म्हणजे प्रोसिडिंग बुकात होते. अकरा संचालकांपैकी सहा जण दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. तोवर ते फडात आणि सभा इथं. मग मी त्यांना हजर मांडतो आणि त्यांच्या सह्या करतो. आसारामची सही वरून खाली घसरत जाते, शहादेवच्या सहीखाली दोन रेघा आणि एक टिंब असतं. बावीस वर्षांत कोणी बोट ठेवलेलं नाही. गडी गावात आले की मी त्यांना ठराव वाचून दाखवतो, ते तंबाखू मळत ऐकतात आणि म्हणतात, "बरं केलं." कोणाचीच कधी हरकत नसल्यामुळे, माणूस नसला तरी त्याची संमती असतेच, असं माझं हळूहळू मत होत गेलं.

त्याच मतानं मी एका रविवारी घरातच सभा घेतली. आई खाटेवर, मी खुर्चीवर आणि सत्यभामा टँकरवर. घराच्या स्लॅबवर सौरऊर्जा बसवावी असा ठराव मी मांडला आणि आईला सांगितलं की लाईटबिल बंद होणार. आई म्हणाली, "कर बाबा काय करायचं ती, मला निसतं पडू दी." हे मी अनुमोदन धरलं. सत्यभामाच्या नावापुढं 'हजर' लिहिलं आणि अर्जावर तिची सही करून टाकली. ती घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर हंडा होता, कमरेवर घागर होती, आणि ठराव वाचून दाखवायची ती वेळ नव्हती. नंतरही तशी वेळ आली नाही, म्हणजे मी येऊ दिली नाही.

आठ दिवसांनी बीडहून सर्व्हेचा माणूस आला. त्या दिवशी स्लॅबभर कुरडया घातलेल्या होत्या. तुमच्या बहिणीचा आणि जानकीबाई वगैरे चार जणींचा बचत गट आहे. त्या तीन दिवस गहू भिजवतात, त्याचा चीक काढून शिजवतात, सोऱ्यानं कुरडया घालतात, आणि वाळल्या की बीडच्या दुकानांत देतात. दूध बंद झाल्यापासून आमचं घर या कुरडयांवर चाललं आहे. हे मी कोणत्याही सभेत मांडलं नव्हतं, पण खरं आहे. तर हा गृहस्थ बूट घालून, हातात टेप घेऊन, थेट त्या कुरडयांमधून दक्षिणेच्या कठड्याकडे निघाला. सत्यभामानं त्याला अडवून विचारलं की तू कोण. तो म्हणाला, ताई, तुमच्याच अर्जावरून आलोय, आणि त्यानं मोबाइलवर अर्ज काढून दाखवला. मी जिना चढून वर पोचलो तेव्हा ती तो अर्ज दुसऱ्यांदा वाचत होती.

"ह्ये 'मी स्वखुशीने' लिव्हलंय, ती कुनाची वो खुशी?" तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, अर्जाची भाषा तशीच असते. त्या माणसानं टेप गुंडाळायला घेतली आणि मालकिणीची खरी सही आल्यावर बोलवा म्हणाला. सत्यभामा आवाज न चढवता बोलली, आणि ती आवाज चढवत नाही तेव्हा काय असतं ते तुम्ही भाऊ म्हणून जाणताच. म्हणाली, "तुमाला म्हाईत हाय स्लॅबवर माजं वाळवन असतं. इचारलं असतं तर मी नगं म्हनले असते. म्हनून तुमी इचारलंच न्हाई." राधाकिशनराव, दुसऱ्याच्या वाक्यावर सभा संपवायची सवय सचिवाला नसते, म्हणून मी म्हणालो की सही मात्र तुझ्यापेक्षा माझीच चांगली वठली आहे. हे बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाई चार दिवस माहेरी जाते तेव्हा पिशवी नेते. हिनं पिशवीबरोबर कुरडयांचा पितळी सोऱ्याही नेला. सोऱ्या नेला याचा अर्थ काय होतो हे मला आईनं समजावून सांगितलं आणि तेव्हापासून तीही माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी स्वस्थ बसलो नाही. अर्जाला मालकाची संमती ओटीपीनंही देता येते असं कळलं, तेव्हा मी इथं बटण दाबलं. पण तिच्या आधारला तिचा मोबाइल जोडलेला, त्यामुळे आकडे वाजले तुमच्या घरात. मी सात वेळा दाबलं. सातव्यांदा तिचा फोन आला, मी पहिल्याच रिंगला उचलला. "माज्या फोनची ब्याटरी संपायली," एवढं म्हणून तिनं ठेवला. मग जानकीबाई आली की वैनींनी भिजत घातलेला गहू नासायला लागलाय. मी म्हटलं, त्यात काय, मीच चीक शिजवतो. शिजवला. त्याचा असा गोळा झाला की उलथणं आधाराशिवाय उभं राहिलं. सध्या आमच्या म्हशी मिळेल ते वाळकं चघळतात, पण त्यांनीही वास घेऊन तोंड फिरवलं. जानकीबाई हे सगळं शेवटपर्यंत उभी राहून बघत होती. मग "वैनी कवा येनार?" विचारून गेली. ती रोज सकाळी येऊन एवढंच विचारते.

तडजोडीचाही प्रयत्न केला. पॅनल उंच खांबांवर बसवले तर खाली कुरडया घालता येतील, असं मी आईला सुचवलं. आई म्हणाली, सावलीत कुरडया वाळत नाहीत, आंबतात, आणि या घरात एक आंबलेला पुरे आहे.

स्लॅबवर आता दिवसभर नुसतं ऊन पडतं. मी दोनदा वर जाऊन आलो, काम काही नव्हतं. कुरडया घालताना ती जानकीबाईला माझ्या सभांच्या नकला करून दाखवायची, मला खाली ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो. ते बंद झाल्यापासून मला करमत नाही. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलो. खोडलं तर तुम्ही कागद उजेडाला धरून वाचाल, म्हणून राहू देतो.

असो, मुद्दा सहीचा. तुम्ही थोरले भाऊ आहात, चार समजुतीच्या गोष्टी सांगून तिला लवकर पाठवून द्या. घरात सर्वांना माझा यथायोग्य नमस्कार सांगावा आणि गुडघ्याला ऊब द्यावी.

तुमचा दाजी,
रामहरी
(ही सही माझीच आहे)

ता. क. १ : तिनं कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारली आहे. फॉर्म सोबत जोडला आहे.

ता. क. २ : फॉर्म पाकिटात सापडणार नाही. शोधत बसू नका, तो मी घातलेलाच नाही. आमच्या गावाची यादी गेल्या शुक्रवारीच बंद झाली. म्हणजे सही नको आहे, अनुदानही गेलं. हे पत्र तिला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा.

ता. क. ३ : सोमवारी अंबाजोगाईला न्यायला येऊ का, एवढं तिला विचारा. ती जे म्हणेल तेच कळवा. नाही म्हणाली तर नाही कळवा. गप्प राहिली तर गप्प राहिली असं कळवा, मी ते हो धरणार नाही, पुन्हा विचारीन.