पाहुण्याचे तीन दिवस

२६ मार्च, जानेत

आजपासून मी वाटाड्या! गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर फोटो, फोटोत मुंडासं तिरकं. पंधराव्या वर्षी सहारातल्या तमनरासेतच्या ट्रकअड्ड्यावर चाकं धूत होतो, पस्तिशीत स्वतःचा ट्रक घेतला, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी माझ्या कंबरेनं ट्रकला तलाक दिला. टेहित, माझी बायको, म्हणाली, ऊक्सेम, जन्मभर काचेतून वाळवंट पाहिलंस, आता जरा पायांनी बघ. तिच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही.

वाटाड्यांना परवाने देणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी ही वही दिली. रोज लिहायचं: किती माणसं, मुक्काम कुठं, पाणी किती उरलं. मग नियम पाठ करून घेतले, अगदी मदरशातल्यासारखे. माणशी रोज पाच लिटर पाणी. कचरा सगळा परत आणायचा. खापराचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. खडकावरच्या चित्रांना हात लावायचा नाही, आणि पाणी तर मुळीच नाही. पूर्वीचे वाटाडे चित्रांवर पाणी मारत. ओला रंग उठून दिसतो, फोटो छान येतो, बक्षिशी मिळते. त्या पाण्यानं निम्मी चित्रं धुऊन गेली. मी म्हटलं, बाई, मी पाण्याच्या बाबतीत असा चिक्कू, की भिंतीला पाजायची वेळ आलीच तर आधी सासऱ्याला पाजीन. बाई हसल्या, पण सही घेतलीच.

२८ मार्च, पठाराच्या चढावर

पाहुणे दोन. ओरान शहराचे निवृत्त शिक्षक स्लिमान मास्तर आणि त्यांच्या बायको वहीबाबाई. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनच्या आधी एकदा चित्रं बघून घेतो, न जाणो, असं म्हणतात. बाई म्हणाल्या, यांना मी दिसत नाही, पण हजारो वर्षांपूर्वीच्या गायी बघायच्यात.

सोबत गाढववाले घालीकाका, सत्तरीचे, आणि त्यांची तीन गाढवं. पुढच्या गाढवाच्या घंटेला चीर आहे, हे मी खालच्या वळणावरूनच सांगितलं. काका थबकले. म्हणे, वीस वर्षांत कुणी ओळखली नव्हती. काका, मी इंजिनाच्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगतो, घंटेचं काय घेऊन बसलात? काका म्हणाले, बरं आहे, वर गेल्यावर मात्र थोडं कमी ऐकत जा.

पाणी: पखाली चार, भरलेल्या. सगळे ठणठणीत.

२९ मार्च, इन-तेसाक

पोचलो. दगडांचं गावच हे. उभे सुळके, त्यांच्यात गल्ल्या, बोळ, चौक. नुसती माणसं नाहीत. माझा आवाज चार भिंतींवरून मलाच परत येतो. असा श्रोता मला घरी कधी मिळाला नव्हता.

काकांची एक खोड पाहिली. चित्रासमोर ते पाणी पीत नाहीत. पाठ फिरवून, मुंडाशाआड लपवून पितात. विचारलं तर म्हणाले, समोरच्याला न देता पिणं वाईट, आणि यांना देणं त्याहून वाईट. पाणी दिलं की तो पाहुणा. पाहुण्याचे तीन दिवस. पाहुणा उठेपर्यंत यजमानाला उठता येत नाही, हे तुझ्या बापानं शिकवलंच असेल. मी म्हटलं, मग तीन दिवसांनी सुटका. काका म्हणाले, त्यांचा दिवस केवढा असतो, मोजलायस?

म्हातारा रंगवून सांगतो. पाणी: पखाली साडेतीन.

३० मार्च

एक चूक झाली. वही कचेरीत जायची आहे, म्हणून आधी हे पान फाडणार होतो. पण खोटी वही लिहायची तर लिहायचीच कशाला.

शेवटच्या बोळात, कपारीत, पुरुषभर उंचीचं चित्र आहे. गोल डोकं, चेहरा नाही, एक हात पुढे, तळवा वर. रंग इतका विटलाय की मलाही नीट दिसेना. मास्तर भिंतीला नाक लावून उभे राहिले. पाच मिनिटं. मग डोळे चोळत मागे सरले. वहीबाबाईंनी माझी बाही धरली. म्हणाल्या, ऊक्सेमभाई, एवढ्यासाठी आलेत हो ते.

काका गाढवांपाशी होते. मी पेलाभर पाणी घेतलं आणि भिंतीवर मारलं. नेमकं त्या तळव्यावर. आणि माझी जीभ मेली गप्प बसते का! म्हटलं, घे बाबा, पी, आज तू माझा पाहुणा.

चित्र गेरूसारखं लाल उठून आलं. मास्तर रडले. बाईंनी माझा हात दाबला.

ओघळ मात्र खाली आला नाही. एक थेंबही नाही. भिंत गरम असते, असेल.

३१ मार्च

वहीबाबाईंचा पाय मुरगळला, घोटा सुजला. त्यांना गाढवावर बसवायचं, तर सामान राहणार. ठरलं असं: काका दोघांना खाली नेतील आणि सामानासाठी तीन एप्रिलला परत येतील. मी मुक्काम झाडून ठेवायचा, राख पुरायची, कचरा बांधायचा. नियम म्हणजे नियम. माझ्याजवळ दोन भरलेल्या पखाली. एकट्याला आठवडाभर पुरतील.

निघताना काकांनी कपारीकडे बघितलं. मग माझ्याकडे. विचारलं, रंग का वर आलाय? मी खोटं बोललो. म्हटलं, ऊन तिरपं आहे. काकांनी गाढवाचा कासरा ओढला. फक्त म्हणाले, मी येईन. घंटा ऐकशीलच. तोवर कुणाकडून काही घेऊ नकोस.

इथं आहेच कोण, मी म्हटलं.

१ एप्रिल

मुक्काम लख्ख केला. वाळूत तागेला, आमची जाड भाकरी, भाजली. एकट्यानं खाल्ली तर तिला चव नसते.

पाणी: एक पखाल अर्धी झाली आहे. मी एवढं प्यायलो नाही. शिवण तपासली, कोरडी. खालची वाळूही कोरडी. दोन्ही पखाली खुंटावरून काढून उशाशी घेतल्या.

दुपारी ऊन डोक्यावर असताना आवाज ऐकला. घोट. कुणीतरी सावकाश, मन लावून पितं तसा. शेजारच्या खडकामागून. जाऊन पाहिलं, कुणी नाही. परत आलो तर पखाल आणखी चार बोटं खाली.

माझे कान चुकत नाहीत, हीच अडचण आहे.

२ एप्रिल

पहिली पखाल रिकामी. तोंड घट्ट बांधलेलं, गाठ माझीच.

खाली उतरायच्या खिंडीकडे निघालो. सामान गेलं खड्ड्यात. वाट सरळ आहे: दोन चौक, एक बोळ, मग उतार. दोन चौक झाले. बोळ झाला. उताराच्या जागी कपार. तो हात.

पुन्हा निघालो, सूर्य डाव्या गालावर धरून. कपार.

वळणावळणावर कचऱ्याच्या पिशव्या ठेवत गेलो. नियम मोडला. चौथ्या फेरीत माझ्याच पिशव्या समोरून येत होत्या, पण क्रम उलटा.

शेवटी त्याच्यासमोर बसलो. घरच्या रीतीनं विचारलं, पाहुणे, पोट भरलं का? मला रजा द्या, बायको वाट बघते. थट्टेनं नाही विचारलं.

हात अजून पुढेच आहे. पण तळवा ओला.

३ एप्रिल

दुसरी पखाल — सकाळी जड होती. उचलली तर नुसतं कातडं.

आज काका येणार. एवढं धरून बसायचं. काल दिवसभर दोनच घोट प्यायलो, ओठ फुटलेत.

दुपार. घंटा! चिरकी घंटा, तीच. खडकापलीकडे, शंभर पावलं. ओरडलो. काकांचा आवाज आला, ऊक्सेम, अरे ऊक्सेम, कुठं मेलास, टेहित मला फाडून खाईल रे! इतका जवळ. धावलो. कपार.

घंटा शंभर पावलांवरच. उजवीकडे. मग मागे. काका म्हणत होते, पिशव्या सापडल्या, राख सापडली, माणूस कुठाय. मी उत्तर देतो. चार भिंतींवरून मलाच परत.

काका गेले नाहीत. चुलीचा वास येतोय. ते थांबलेत. म्हणजे उद्या पुन्हा शोधतील. उद्यापर्यंत —

कुणाकडून काही घ्यायचं नाही.

४ एप्रिल

भिंत रिकामी आहे. नुसता खडक.

पाहुणा उठला. म्हणजे मी मोकळा? उठलो. पाय —

कपारीच्या तोंडाशी लाकडी वाडगा. काठोकाठ. असा वाडगा आमच्याकडे नव्हता. पाण्यावर आभाळ आहे.

परतफेड. रीतच आहे ती. ज्याचं प्यायलं त्याला पाजायचं. आणि मी प्यायलो की पाहुणा मी —

नाही.

घंटा वाजतेय. जवळ. ऐंशी पावलं. काका घसा फोडून सांगतायत, पाणी आणलंय रे, ओ दे! ओ देतो. जीभ उचलत नाही. दगड आपटतो. ऐकू गेलं का?

साठ पावलं. टेहित, मी धरून आहे.

वाडगा आता मांडीशी. मी हललो नाही.

चाळीस. काका गाढवाला शिव्या देतायत. ऐकून हसू आलं. ओठातून रक्त.

पाण्याचा वास येतो, हे माहीत नव्हतं.

वीस. फक्त बोट बुडवलं. फक्त ओठांना. पितोय कुठं, ओठ —

गार. गोड आहे.

घंटा थांबली.

काका? शिव्या द्या ना. काहीतरी. पेन्सिल कागदावर चालतेय तिचाही आवाज नाही. श्वासाचा नाही. मला, मला ऐकू येत नाही असं कधी —

समोरून कुणीतरी बसायला जागा करून देतंय. भिंतीत. माझ्या उंचीची. तीन दिवस म्हणे, फक्त तीन —

घालीकाका, मोजून ठेवा, आजपासून पहिला